पेशीतली चूल आणि तिचा राखणदार

भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण वीट निर्जीव आणि पेशी जिवंत. ती सतत काम करते. काम म्हटले की शक्ती हवीच.

ही शक्ती येते कुठून? आपण भाकरी खातो, श्वास घेतो. अन्नाचा रस आणि हवेतला प्राणवायू रक्तातून पेशीपर्यंत पोचतात. बहुतेक पेशींच्या आत पुष्कळ बारीक चुली असतात म्हणा ना! त्यांना तंतुकणिका म्हणतात. तिथे जाळ नसतो, पण अन्नरस आणि प्राणवायू यांपासून शक्ती तयार होते.

मेंदूला ही शक्ती फार लागते. शरीराचे वजन शंभर किलो धरले, तर मेंदू जेमतेम 2 किलो भरेल. पण आपण स्वस्थ बसलो असताना शरीर जेवढी शक्ती खर्च करते, तिचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो.

चूल जुनी झाली की तिला तडे जातात, घरात धूर कोंडतो. तंतुकणिकेचेही तसेच. बिघडलेली तंतुकणिका शक्ती कमी देते आणि पेशीला अपाय करते. ती वेळीच मोडून काढावी लागते. पण बिघडलेली चूल ओळखायची कोणी?

त्यासाठी एक राखणदार आहे. त्याचे नाव पिंक-1. हे एक प्रथिन आहे. चूल चांगली असली की पिंक-1 आत ओढले जाते आणि त्याचे तुकडे होतात. चूल बिघडली की ते आत जाऊ शकत नाही, बाहेरच साचते. मग ते पार्किन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला बोलावते. दोघे मिळून त्या चुलीवर खुणा करतात. खूण दिसली की पेशी ती चूल पचवून टाकते.

आणि राखणदारच नसला तर? मोडक्या चुली साठत जातात. त्यांच्यातला माल पेशीत सांडतो. पेशीला वाटते, रोगजंतूच शिरला! ती धोक्याची हाक देते आणि दाह सुरू होतो. पायात काटा मोडला की जागा लाल होते, ठणकते, तोही दाहच. काटा निघाला की तो शमतो. इथे मात्र काटा आतच राहतो. 2018 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. पिंक-1 किंवा पार्किन नसलेल्या उंदरांवर ताण पडला की दाह वाढे. धोक्याची हाक बंद केली की तो थांबे.

माणसांत काय होते? 2004 साली इटली आणि स्पेनमधल्या काही कुटुंबांत पिंक-1चा दोष सापडला. त्या घरांतल्या काहींना तुलनेने कमी वयातच कंपवात झाला होता. हा दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला, तरच असा रोग होतो. नात्यात लग्न झाले की ही शक्यता वाढते. मात्र कंपवाताच्या बहुतेक रोग्यांत हा दोष नसतो, हेही ध्यानात ठेवा.

हात स्वस्थ असताना थरथरतो, चाल मंदावते, अंग ताठते. अशी लक्षणे दिसली तर "वय झालं, चालायचंच" म्हणून गप्प बसू नका. ही करणी नव्हे, देवाचा कोपही नव्हे. रोग्याला डॉक्टरांकडे न्या. औषधाने हा रोग मुळातून जात नाही, पण पुष्कळ आराम पडतो. हातात पुन्हा पेला धरता येतो. मात्र औषध आपल्या मनाने बंद करू नका, बरं का!