सभागृहातील मताचे वजन

निवडणुकीचे निकाल लागले की घरोघरी पक्षांच्या जागांची बेरीज सुरू होते. ज्याच्या जागा दुप्पट, त्याचे बळ दुप्पट, असा हिशेब सहज मांडला जातो. परतवाड्याच्या बाजारात कापसाला हा न्याय लागू पडतो. सभागृहात तो पडत नाही.

कारण उघड आहे. सभागृहात निर्णय बहुमताने होतो. तेव्हा पक्षाचे बळ पाहावयाचे, तर विचारावे ते इतकेच की, हा पक्ष बाजूला झाल्यास किती बहुमते मोडतील? जितकी अधिक मोडतील, तितके त्याचे बळ अधिक. लायोनेल पेनरोज या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४६ साली हा विचार मांडला. पुढे १९६५ साली जॉन बॅन्झाफ या अमेरिकन कायदेपंडिताने न्यूयॉर्क राज्यातील नासाऊ परगण्याच्या मंडळाचा असाच हिशेब केला.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र विधानसभेत सभासद २८८ आणि बहुमत १४५. २०१९ साली भारतीय जनता पक्षाला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादी काँग्रेसला ५४ व काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या. पहिला पक्ष उरलेल्या तिघांपैकी कोणाही एकाशी मिळाला तरी बहुमत होई. तो वगळल्यास मात्र तिघांनाही एकत्र यावे लागे. या चौघांच्या सर्व जुळण्या मांडून पाहिल्या, तर पहिल्या पक्षावाचून ६ बहुमते मोडतात आणि इतर प्रत्येकावाचून २. म्हणजे ५६, ५४ आणि ४४ यांचे बळ अगदी सारखे!

मग अचलपूर-परतवाड्याच्या मतदाराचे काय? तेथून त्या वर्षी प्रहार जनशक्ती पक्षाचे बच्चू कडू निवडून आले. पक्षाचे सभासद दोनच. गणित असे की, लहान पक्षांचे व अपक्षांचे मिळून सर्व २९ सभासद एकत्र आले, तरी १०५ चे १३४ होतात आणि ५६ व ५४ चे १३९. कोणतेच बहुमत त्यांच्यावाचून अडत नाही. बळ शून्य.

तथापि कडू त्या सरकारात राज्यमंत्री झाले. तिघांची बेरीज १५४ असताना ३० नोव्हेंबर २०१९ रोजी विश्वासदर्शक ठरावास १६९ मते पडली. याचे कारण, हे गणित पक्ष अभंग राहील असे गृहीत धरते. राज्यकर्त्यांना मात्र फुटीची धास्ती असते, म्हणून ते चार सभासद गाठीस राखून ठेवतात. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि ती धास्ती खरी ठरली.

२०२४ साली भारतीय जनता पक्षाला १३२, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ व अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसला ४१ जागा मिळाल्या. या तिघांतून ५७ वजा केले तरी १७३ उरतात. बहुमत मोडत नाही. २०१९ मध्ये ५६ जागांच्या बळावर मुख्यमंत्रिपद मागता आले. २०२४ मध्ये एक जागा अधिक असूनही ते बळ उरले नाही.

तात्पर्य, जागा मतदार देतात. त्यांचे वजन मात्र शेजारी कोण किती जागा घेऊन बसला आहे यावर ठरते. निकालाच्या दिवशी बेरीज करावीच. पण मागोमाग एकेक पक्ष वजा करूनही पाहावा.