उन्हाळ्याचे दहा आठवडे

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वुड्स होल नावाचे समुद्राकाठचे एक छोटे गाव आहे. तिथल्या प्रयोगशाळांत उन्हाळाभर काम केलेले पदवीचे विद्यार्थी सुट्टी संपताना आपापले संशोधन सर्वांसमोर मांडतात. मी जवळच्या एका विद्यापीठात मत्स्यविज्ञान शिकवते, त्यामुळे जमेल त्या वर्षी ऐकायला जाते. काही वर्षांपूर्वी मिसिसिपीहून आलेली एक कृष्णवर्णीय मुलगी हॅडॉक या माशाच्या कानातल्या खड्यांवर बोलली. या खड्यांना शास्त्रीय भाषेत ओटोलिथ म्हणतात. मासा वाढतो तसे खड्यावर थर चढत जातात. उन्हाळ्यातला थर रुंद, हिवाळ्यातला अरुंद. खड्याची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की झाडाच्या खोडासारखी वर्षे मोजता येतात. साठ्यात कोणत्या वयाचे मासे किती आहेत हे कळले, की किती मासे धरू द्यायचे हे ठरवता येते. म्हणजे त्या मुलीच्या मोजणीवर कुणाचे तरी जाळे आणि कुणाची तरी चूल अवलंबून होती.

मला हे खडे लहानपणापासून माहीत. मी रत्नागिरीजवळच्या मासेमार घरातली. ढोम्याचे डोके चोखताना पांढरे खडे दाताखाली आले, की आम्ही मुले ते धुऊन खेळायला ठेवायचो. त्यांत माशाचे वय लिहिलेले असते, हे कळायला मला एम.एस्सी.पर्यंत जावे लागले.

भाषण संपल्यावर ती मुलगी म्हणाली, “माझी आजी बिलॉक्सीची. समुद्र घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता, पण तिला पाण्यात पाय बुडवायची परवानगी नव्हती.”

हे मी नंतर नीट वाचले. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या परिसरातला सुमारे ४० किलोमीटर लांबीचा किनारा सरकारी पैशातून भराव घालून तयार केलेला; तरी कृष्णवर्णीयांना तिथे मज्जाव होता. १९५९मध्ये गिल्बर्ट मेसन हे डॉक्टर काही जणांना घेऊन पाण्यात उतरले. एप्रिल १९६०मध्ये मोठा गट उतरला, तेव्हा जमावाने त्यांना मारहाण केली. किनारा सर्वांना खुला व्हायला न्यायालयाच्या निकालासह १९६८ उजाडले. कॅलिफोर्नियात ब्रूस दांपत्याने १९१२मध्ये कृष्णवर्णीयांसाठी समुद्राकाठी विश्रांतिस्थान काढले होते. बागेचे कारण सांगून नगरपालिकेने १९२०च्या दशकात ती जमीन काढून घेतली. वारसांना ती २०२२मध्ये परत मिळाली. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांना दोन पिढ्यांपूर्वी वाळूवर बसू दिले नाही, त्यांची नातवंडे सागरविज्ञानात कमी का, हा प्रश्न मग तितकासा अवघड राहत नाही. २०१८मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात रेचल बर्नार्ड आणि एमिली कूपरडॉक यांनी अमेरिकेतल्या भूशास्त्र, वातावरणशास्त्र आणि सागरशास्त्र या विषयांतल्या डॉक्टरेटचा हिशेब मांडला. चाळीस वर्षांत वांशिक वैविध्याच्या बाबतीत प्रगती झालेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कायद्याने दारे उघडून बराच काळ लोटला होता, मग अडत कुठे होते?

माझ्यापुरते उत्तर मला माझ्याच टेबलावर सापडले. आमच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात दोन-तीन विद्यार्थी घेतले जात. कामाचे श्रेयांक मिळत, पैसे मिळत नसत. अर्ज मी वाचायची. ‘पूर्वानुभव’ या रकान्यात ज्यांनी बोटीवर काम केलेले, पाणबुडीचे प्रशिक्षण घेतलेले, आधी एखाद्या प्रयोगशाळेत उन्हाळा घालवलेला, ते वर जात. मला ही गुणवत्ता वाटे. पुष्कळ वर्षांनी लक्षात आले, की मी बऱ्याच प्रमाणात वडिलांची मिळकत मोजत होते. ज्या मुलाला उन्हाळ्यात दुकानात उभे राहून पुढच्या सत्राची फी जमवायची आहे, त्याचा तो रकाना रिकामाच राहणार. आणि पहिला उन्हाळा हुकला, की दुसऱ्या उन्हाळ्यासाठी लागणारा अनुभव कुठून यायचा?

हे मला तरी कळायला हवे होते. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला गोव्यात तीन महिने काम करायची संधी मिळाली, तेव्हाही विद्यावेतन नव्हतेच. मी जाऊ शकले, कारण पणजीत माझी मावशी होती. तिच्या दोन खोल्यांत मी राहिले, तिच्याच हातचे जेवले. माझ्याच वर्गातली एक मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार होती. तिला तिथे मावशी नव्हती. ती घरी परतली आणि आईबरोबर कोलंबी सोलण्याच्या कामावर जाऊ लागली. आमच्यातला फरक गुणांचा नव्हता. अंथरूण टाकायला मला जागा होती, तिला नव्हती.

वुड्स होलमधली ती मुलगी ज्या उपक्रमातून आली, त्याचे नाव पार्टनरशिप एज्युकेशन प्रोग्रॅम; सगळे त्याला ‘पेप’ म्हणतात. गावातल्या सहा विज्ञानसंस्थांनी मिळून तो २००९मध्ये सुरू केला. आधी चार आठवडे सागर आणि पर्यावरणविज्ञानाचा अभ्यासक्रम, मग काही आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली स्वतंत्र संशोधन. प्रवास, राहणे, जेवण यांची सोय आणि वर विद्यावेतन. मुख्य भर सागरविज्ञानात ज्यांची संख्या कमी आहे अशा समाजगटांतल्या विद्यार्थ्यांवर. आधी अभ्यासक्रम असल्यामुळे ज्याच्या महाविद्यालयात समुद्राचा विषयच नाही, तोही प्रयोगशाळेत पाऊल टाकताना बुजत नाही. शिवाय एकदम तुकडीच येते, त्यामुळे खोलीभर माणसांत आपणच वेगळे, असे वाटत नाही.

असे प्रयत्न आधीही झाले. नॅशनल सायन्स फाउंडेशन ही सरकारी संस्था १९८७पासून पदवीच्या विद्यार्थ्यांच्या उन्हाळी संशोधनाला पैसे देते. वॉशिंग्टन राज्यातल्या शॅनन पॉइंट सागरी केंद्रात १९९०च्या दशकापासून मागे राहिलेल्या समाजांतले विद्यार्थी दोन सत्रे राहून शिकत आले आहेत. या सगळ्यांत तीन गोष्टी समान दिसतात : हातात पैसे, डोक्यावर छप्पर आणि चूक केली तर समजावून सांगणारे माणूस. माझ्या मावशीने यातल्या दोन दिल्या होत्या.

वुड्स होलला हे आधी सुचायला हवे होते, कारण धडा त्याच्या अंगणात होता. तिथे १८७१मध्ये सरकारी मत्स्यसंशोधन सुरू झाले, १८८८मध्ये मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी उभी राहिली, १९३०मध्ये सागरविज्ञान संस्था. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट हे कृष्णवर्णीय जीवशास्त्रज्ञ १९०९पासून सुमारे वीस उन्हाळे त्या लॅबोरेटरीत येत राहिले. सागरी प्राण्यांच्या अंड्यांचे फलन कसे होते, यावरचे त्यांचे काम आजही मानले जाते. तरी अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन विद्यापीठांत त्यांना जागा मिळाली नाही आणि पुढे ते युरोपात काम करू लागले. त्यांची विद्यार्थिनी रॉजर आर्लिनर यंग याच गावात शिकली. प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री, १९४० साली. एखादा जस्ट, एखादी यंग स्वतःच्या बळावर पोचतात. त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी वाट कुणी बांधली नाही, तर ती तिथेच संपते.

बांधलेली वाटही मोडते. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या सरकारी खात्यांतले वैविध्यविषयक कार्यक्रम बंद करण्याचा आदेश निघाला. एप्रिलपासून नॅशनल सायन्स फाउंडेशनने शेकडो अनुदाने रद्द केली. विज्ञानात मागे राहिलेल्यांना आणण्यासाठीची कामे त्यांत पुष्कळ होती. ज्यांना मावशी आहे, ते पुढच्या उन्हाळ्यातही प्रयोगशाळेत पोचतील.

आमच्या प्रयोगशाळेतला ‘पूर्वानुभव’ हा रकाना आता मी काढून टाकला आहे. त्याजागी विचारते : तुम्हाला समुद्राविषयी काय जाणून घ्यायचे आहे? आणि पैसे उभे राहिल्याशिवाय विद्यार्थी घेत नाही. त्यामुळे कधी दोनाऐवजी एकच येतो.

मागच्या मे महिन्यात गावी गेले, तेव्हा त्या मैत्रिणीकडे जेवायला होते. ताटात ढोमाच होता. तिला मी मिसिसिपीच्या मुलीची गोष्ट सांगितली. खडे, थर, वयाची मोजणी, सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ती राहिली कुणाकडे गं?”

“संस्थेनेच खोली दिली होती. भाडं नाही.”

“मग जमलं तिला,” ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.