लोमेच्या कागदावरचा शेरा

सरकारी फाइलीवर सही करताना एखादा साहेब कडेला दोन ओळी खरडून ठेवतो. पुढे चौकशी लागली, की त्याच ओळी कामी येतात. ७ जुलै १९९९ रोजी टोगोच्या राजधानीत, लोमे इथे, सिएरा लिओनच्या शांतता करारावर सही करताना संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फ्रान्सिस ओकेलो यांनी असाच एक शेरा मारला. तोही स्वहस्ते. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना या करारातली माफी लागू होते, असे संयुक्त राष्ट्रे मानत नाहीत, असा त्याचा आशय. बाकीच्या मजकुरापुढे त्या शेऱ्याकडे बघायला त्या दिवशी कोणाला सवड नव्हती.

बाकीचा मजकूर होताच तसा. फोडे सांकोह हा सिएरा लिओनच्या सैन्यातला माजी कॉर्पोरल. मार्च १९९१मध्ये लायबेरियाच्या हद्दीतून आत घुसलेल्या ‘आरयूएफ’ या बंडखोर संघटनेचा तो म्होरक्या. देशद्रोहाबद्दल १९९८मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली होती. लोमेने त्याला माफी दिली, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा दिला आणि वर देशाची खनिजसंपत्ती सांभाळणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपदही दिले. चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या तर आधी चोराला सोडावे लागते. इथे दोन्ही कामे एकाच कागदात उरकली.

खनिज म्हणजे मुख्यतः हिरे. सिएरा लिओनच्या पूर्वेकडच्या कोनो भागात ते नदीकाठच्या गाळात, रेतीत सापडतात. तिथे खोल खाण किंवा मोठी यंत्रे लागत नाहीत. फावडे, चाळणी आणि बंदुकीच्या धाकाने राबणारी माणसे असली की धंदा चालतो. हिरे शेजारच्या लायबेरियात, आधी तिथला बंडखोर नेता आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या चार्ल्स टेलरकडे जात आणि तिकडून शस्त्रे येत. आरयूएफची दहशत हात तोडण्यावर उभी होती. १९९६च्या निवडणुकीआधी लोकांनी मत देऊ नये म्हणून मत देणारा हातच छाटण्याची टूम निघाली. ‘लांब बाही की आखूड बाही?’ असे आधी विचारले जाई. मनगटापासून की कोपराच्या वरून, एवढाच त्याचा अर्थ.

सांकोहसारख्या माणसाशी जगाने असा करार का करवून घेतला? कारण दुसऱ्या कशासाठी पैसे आणि माणसे घालायला कोणी तयार नव्हते. ६ जानेवारी १९९९ रोजी बंडखोर राजधानी फ्रीटाउनमध्ये शिरले होते; हजारो माणसे मेली. त्यांना मागे रेटले ते पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोमॉग’ फौजेने, म्हणजे प्रामुख्याने नायजेरियाच्या सैनिकांनी. पण नायजेरियात लोकशाही परतली होती आणि नवे अध्यक्ष ओबासांजो यांना हा खर्चिक पसारा आवरायचा होता. त्याच वसंतात नाटोची विमाने कोसोव्होसाठी आठवड्यामागून आठवडे बॉम्ब टाकत होती. फ्रीटाउनच्या वाट्याला मध्यस्थ आले. राष्ट्राध्यक्ष अहमद तेजान कब्बा स्वतः संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत वर्षे काढलेले गृहस्थ. पाठीशी कोण उभे आहे आणि कोण नाही, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

शिवाय ही पहिलीच ठेच नव्हती. ३० नोव्हेंबर १९९६ रोजी आबिजानला असाच करार झाला होता. बंडखोरांना जेरीस आणणाऱ्या ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ या दक्षिण आफ्रिकी भाडोत्री कंपनीने देश सोडावा, ही त्यातली एक अट. कंपनी जानेवारी १९९७मध्ये गेली. मे महिन्यात सैन्यातल्या एका गटाने सत्ता उलथवली आणि आरयूएफला राजधानीत बोलावून सत्तेत वाटा दिला. भाडोत्री सैनिकांचे गुणगान करण्याचे कारण नाही, पण त्यांच्या जागी कोण पहारा देणार याचे उत्तर आबिजानच्या कागदात नव्हते.

लोमेनंतर ते काम संयुक्त राष्ट्रांच्या ‘युनामसिल’ फौजेकडे आले. सेनापती भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली. सुरुवातीची मंजुरी ६,००० सैनिकांची. तेही तुकड्यातुकड्यांनी पोहोचत होते. मे २०००मध्ये इकोमॉगचे उरलेसुरले सैनिक निघत असतानाच आरयूएफने सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले. पूर्व टोकाच्या कैलाहून गावात गोरखा रायफल्सच्या जवानांसह दोनशेहून अधिक भारतीय वेढले गेले. त्यांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. अडीच महिन्यांनी, जुलैच्या मुसळधार पावसात, भारतीय तुकड्यांनी ‘ऑपरेशन खुकरी’ करून वेढा फोडला. ब्रिटिशांची चिनूक हेलिकॉप्टरे मदतीला होती. एक भारतीय जवान कामी आला.

सप्टेंबरमध्ये जेटलींचे एक गोपनीय टिपण फुटले. नायजेरियाचे काही वरिष्ठ लोक हिऱ्यांसाठी बंडखोरांशी संगनमत करत आहेत, असा त्यात आरोप होता. नायजेरियाने तो साफ नाकारला, आणि भारताने तीन हजारांवर सैनिक परत बोलावण्याचे जाहीर केले. शांतिसेनेतच शांतता उरली नव्हती.

वारे फिरले ते दोन ठिकाणी. ब्रिटनने मे २०००मध्ये आपले सैनिक उतरवले, आणि सांकोहच्या घरासमोरच्या मोर्चावर त्याच्या माणसांनी गोळ्या झाडल्यानंतर काही दिवसांतच तो पकडला गेला. दुसरे ठिकाण बाजाराचे. लायबेरियाची स्वतःची उत्पादनक्षमता वर्षाला फार तर दीड लाख कॅरेटची, पण १९९४ ते १९९८ या काळात बेल्जियमच्या दप्तरी तिथून आलेल्या ३ कोटी १० लाख कॅरेट हिऱ्यांची नोंद होती. हा आकडा कोणी लपवलेलाही नव्हता. फक्त त्रैराशिक मांडायची तसदी वर्षानुवर्षे कोणी घेतली नाही. जानेवारी २०००मध्ये एका कॅनडास्थित संस्थेच्या अहवालाने ती घेतली. जुलैत सुरक्षा परिषदेने सिएरा लिओनच्या प्रमाणपत्र नसलेल्या हिऱ्यांवर बंदी घातली. बैल गेल्यावर झोपा केला खरा, पण निदान गोठ्याचे दार कुठे आहे ते कळले. २००३पासून लागू झालेली ‘किंबर्ली’ प्रमाणपत्र पद्धत यातूनच निघाली. कच्च्या हिऱ्यासोबत ते प्रमाणपत्र आज मुंबईच्या आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांनाही लागते.

युनामसिलची मंजूर संख्या २००१मध्ये १७,५०० झाली. त्याच वर्षी नायजेरियाच्या राजधानीत, आबुजात झालेल्या वाटाघाटींनंतर बंडखोर खरोखर शस्त्रे जमा करू लागले, आणि जानेवारी २००२मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले. शब्द लोमेचेच होते, पण आता त्यांच्यामागे तिपटीच्या घरात माणसे होती आणि सांकोह गजाआड होता.

मग फाइलीवरचा शेरा बाहेर आला. सिएरा लिओनसाठी खास न्यायालय स्थापन झाले, तेव्हा लोमेची माफी या गुन्ह्यांच्या आड येणार नाही, असे त्याच्या कायद्यातच लिहिले गेले. सांकोह निकालाआधी, जुलै २००३मध्ये, कोठडीत मेला. टेलरला २०१२मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली. ती तो ब्रिटनच्या तुरुंगात भोगतो आहे.

न्यायालयाचा अधिकार मात्र ३० नोव्हेंबर १९९६पासूनच्या गुन्ह्यांपुरता होता. आबिजानच्या सहीची ती तारीख. त्या वर्षाच्या सुरुवातीला निवडणुकीपायी ज्यांचे हात गेले, त्यांचा खटला तिथे उभाच राहू शकला नाही.