हाडाचा ट्यूमर : पाय न कापता उपचार कसे होतात?

गुडघ्याजवळ दुखायला लागलं की आपण म्हणतो, "खेळताना लागलं असेल." बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण दुखणं काही आठवडे थांबत नसेल, रात्री वाढत असेल किंवा सूज येत असेल, तर एक एक्स-रे काढायलाच हवा. का? चला पाहूया.

प्रत्येक ट्यूमर कॅन्सर असतो का?

नाही. हाडातल्या बऱ्याच गाठी साध्या असतात. ऑस्टिओकॉन्ड्रोमा त्रास देत नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. ऑस्टिऑइड ऑस्टिओमात सीटी स्कॅनवर बघत गाठीत सुई घालतात आणि रेडिओ लहरींच्या उष्णतेने ती जाळतात. कॅन्सरच्या गाठींमध्ये ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा हे मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये जास्त दिसतात. ऑस्टिओसार्कोमा तर बहुतेकदा गुडघ्याजवळच होतो.

उपचार कसे होतात?

1. बायोप्सी : सुईने गाठीचा तुकडा काढतात. सुई चुकीच्या जागी घातली तर पुढे पाय वाचवणं अवघड होतं. म्हणून बायोप्सी शक्यतो जिथे ऑपरेशन होणार, तिथेच करावी.

2. केमोथेरपी : ऑस्टिओसार्कोमात साधारण 10 आठवडे औषधं, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषधं.

3. ऑपरेशन : हाड कुठे कापायचं हे एमआरआयवरून ठरतं. काही ठिकाणी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर त्या पेशंटच्या मापाचा साचा बनवतात, म्हणजे काप अचूक बसतो. काढलेल्या हाडाच्या जागी धातूचा सांधा बसवतात. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये आणखी एक पद्धत वापरली गेली आहे : हाड बाहेर काढायचं, रेडिएशन देऊन त्यातल्या कॅन्सरपेशी मारायच्या आणि तेच हाड परत बसवायचं!

वाढत्या मुलांसाठी लांब होणारा सांधाही मिळतो. आत चुंबक असतं. पायाभोवती बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार केलं की सांधा हळूहळू मिलिमीटरने वाढतो. पुन्हा चीर द्यावी लागत नाही. मात्र तो खूप महाग असतो.

बरं होण्याची शक्यता किती?

1970 च्या आधी ऑस्टिओसार्कोमात पाय कापूनही 5 पैकी साधारण 4 जण वाचत नसत, कारण पेशी आधीच फुप्फुसात पोचलेल्या असायच्या. केमोथेरपी आली आणि चित्र बदललं. आज आजार पसरलेला नसेल तर 100 पैकी 60 ते 70 जण 5 वर्षांनंतरही जिवंत असतात. सुरुवातीलाच पसरलेला असेल तर हा आकडा 20 ते 30 वर येतो. ऑपरेशनआधीच्या औषधांनी गाठीतल्या 90 टक्के किंवा जास्त पेशी मेल्या, तर ते चांगलं लक्षण मानतात.

लक्षात ठेवा

न थांबणाऱ्या दुखण्यावर मालिश करत किंवा हाडवैद्याकडे जाऊन महिने घालवू नका. एक्स-रे काही मिनिटांत होतो. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी असं लंगडत खेळत असेल, तर त्याला हे नक्की पाठवा.