१६० आणि १०४ यांच्यामध्ये
(लेखमाला : टेनिस समजून घेताना, लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण ज्युनिअर टेनिसपर्यंत आलो होतो. पुढचा प्रश्न बऱ्याच पालकांच्या मनात असतो : जगात दीडशेच्या घरात असलेली मुलगी टीव्हीवर का दिसत नाही? उत्तर समजण्यासाठी आज अंकिता रैनाची कारकीर्द पाहू. जन्म १९९३, अहमदाबादचा. पण ती घडली पुण्यात. किशोरवयात ती पुण्याला आली आणि पीवायसी हिंदू जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकू लागली.

मार्च २०२० मध्ये एकेरीच्या जागतिक क्रमवारीत ती १६०वी होती. हे तिचं सर्वोत्तम स्थान. जगात १६०वी म्हणजे केवढी मोठी मजल! पण ग्रँड स्लॅमच्या महिला एकेरीत जागा १२८. त्यातल्या ८ वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजकांच्या मर्जीच्या, १६ पात्रता फेरीतून येणाऱ्यांच्या. उरल्या १०४. तेवढ्यांनाच क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो, आणि तोही स्पर्धेच्या सुमारे सहा आठवडे आधीची क्रमवारी पाहून. बाकीच्यांनी पात्रता फेरीत लागोपाठ तीन सामने जिंकायचे. एक हरला की सामान बांधायचं.

गुणांचा हिशोब पाहिला की ही दरी किती खोल आहे ते कळतं. त्या काळात आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, १५ हजार डॉलरची छोटी स्पर्धा जिंकली, म्हणजे मुख्य फेरीतले पाचही सामने जिंकले, तर १० गुण मिळायचे. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणारीलाही १०च! पैशाचंही तसंच. छोट्या स्पर्धेच्या विजेतीला अडीच हजार डॉलरपेक्षा कमी मिळतात. त्यात विमानाचं तिकीट, हॉटेल, रॅकेटचं स्ट्रिंगिंग आणि प्रशिक्षकाचा खर्च भागवायचा. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पहिल्या फेरीत हरणारीला १ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते. शिवाय मिळवलेले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. गेल्या वर्षी एखाद्या आठवड्यात जिंकलात, तर यंदा त्याच सुमारास पुन्हा जिंका, नाहीतर खाली या. खेळाडू याला ‘पॉइंट डिफेंड करणं’ म्हणतात. आजारपण असो, दुखापत असो, हे घड्याळ सहसा थांबत नाही.

अंकिता १६० वर पोचली त्याच महिन्यात कोरोनाने जगभरचं टेनिस बंद पडलं. तिच्या लयीला याहून वाईट मुहूर्त नसता लागला.

जानेवारी २०२१. कोरोनामुळे ऑस्ट्रेलियन ओपनची महिलांची पात्रता फेरी दुबईत झाली. अंकिता दोन सामने जिंकली, तिसरा ओल्गा दानिलोविचविरुद्ध हरली. शेवटच्या फेरीत हरलेल्यांना ‘लकी लूझर’ म्हणून आशा असते : मुख्य फेरीतून कुणी माघार घेतली तर जागा मिळते. ती वाट पाहणं फार अवघड. सकाळी वेळेत सही करायची, बॅग भरलेली, ग्रिप नव्याने गुंडाळलेली, वॉर्मअप झालेला. आणि बोलावणं येईलच असं नाही. अंकिता मेलबर्नला गेली, पण एकेरीत तिला जागा मिळाली नाही.

दुहेरीत मात्र मिहाएला बुझार्नेस्कूबरोबर तिला मुख्य फेरीत प्रवेश मिळाला. पहिल्याच फेरीत त्या हरल्या. त्यानंतर मेलबर्नमध्येच फिलिप आयलंड ट्रॉफी होती. तिथे रशियाच्या कामिला राखिमोव्हाबरोबर अंकिताने दुहेरीचं विजेतेपद जिंकलं. अंतिम सामन्यात पहिला सेट गेला होता. निकाल सुपर टायब्रेकमध्ये लागला. हे तिचं पहिलं डब्ल्यूटीए विजेतेपद. त्याने ती दुहेरीत पहिल्या शंभरात आली आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाच्या जोडीने खेळली.

एकेरीत मुख्य फेरी मिळाली नाही म्हणून ही कारकीर्द उणी मानू नये, असं मला मनापासून वाटतं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्यपदक तिने पालेमबांगमध्ये मिळवलं. फेड कपमध्ये ती वर्षानुवर्षं भारतासाठी खेळली. हे सगळं तिने आयटीएफच्या त्याच छोट्या स्पर्धांच्या जिन्यावर चढउतार करत कमावलं.

पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांच्या आयटीएफ स्पर्धा होतात. मुलीला टेनिसला घातलं असेल तर तिला एकदा तिथे घेऊन जा. शक्यतो पात्रता फेरीच्या दिवशी, सकाळी लवकर. पुढच्या आठवड्यात : दुहेरीची जोडी कशी जमते?