हातातल्या यंत्राची निगा आणि आदिलाबादचा धडा

अनेक घरांत कपाटाच्या एखाद्या खणात जुनी इलेक्ट्रॉनिक डायरी पडलेली असते. नव्वदच्या दशकात व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्या खिशात ती दिमाखाने वावरत असे. दूरध्वनी क्रमांक, भेटीच्या वेळा, येणे-देणे असे सारे तिच्या इवल्या पडद्यावर मावत असे. एके दिवशी ती उघडली, तर पडदा कोरा दिसला. सेल बदलला, पडदा उजळला. पण आतली नोंद एकही उरली नव्हती. हा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांना या यंत्रांविषयीचे मुख्य सत्य वेगळे सांगावे लागत नाही. अशा यंत्रात मोल असते ते त्याने सांभाळलेल्या नोंदींचे. यंत्र नवे आणता येते, गेलेली नोंद परत आणता येत नाही.

आज भ्रमणध्वनीने ती डायरी मागे टाकली असली, तरी तिचा वंश संपलेला नाही. बसवाहकाच्या गळ्यातले तिकीट यंत्र, रेशन दुकानातले अंगठा घेणारे यंत्र आणि गावोगाव रक्कम वाटणाऱ्या बँक प्रतिनिधीच्या हातातले यंत्र ही तिचीच पुढची पिढी होय. फरक इतकाच, की डायरी बिघडली तर एका माणसाची गैरसोय होत असे. हे यंत्र बिघडले तर साऱ्या गावाचा खोळंबा होतो. त्यामुळे निगेचा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही.

खिशातून गावाकडे

१९८४ साली ब्रिटनमधील सायन कंपनीने ‘ऑर्गनायझर’ बाजारात आणला. १९९६ साली अमेरिकेतील ‘पाम पायलट’ने या प्रकाराला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. ही यंत्रे एका मालकाच्या एका खिशासाठी घडवलेली होती. भारतात मात्र निराळा विचार झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतील अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ची कल्पना मांडली. त्यात स्मार्ट कार्डाची खाच ठेवली होती. यंत्र गावात एकच असावे, प्रत्येकाने आपले कार्ड घालून ते आपल्यापुरते वापरावे, असा त्यामागचा हेतू होता. २००४ साली सिम्प्युटर विक्रीस आला. परंतु अपेक्षेइतका तो पसरला नाही. सामायिक यंत्र आणि ज्याचे त्याचे कार्ड ही कल्पना मात्र टिकली.

तिचे मोठ्या प्रमाणावरील रूप तत्कालीन आंध्र प्रदेशाच्या स्मार्ट कार्ड योजनेत दिसले. रोजगार हमीची मजुरी आणि सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन गावातच, बोटाचा ठसा पडताळून द्यावे, अशी ती योजना होती. मजूर आपले कार्ड गावातील प्रतिनिधीकडे देई. प्रतिनिधीच्या हातातील यंत्र कार्डावरचे ठसे वाचून समोरच्या बोटाशी जुळवी. ठसा जुळला, की रोख रक्कम आणि छापील पावती मिळे. बहुतेक यंत्रे व्यवहाराचा तपशील तेलुगूत मोठ्याने सांगतही असत. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी आठ जिल्ह्यांत या योजनेचा अभ्यास केला. त्या आठांत आदिलाबाद होता. २०१६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की मजुरी लवकर आणि ठरल्या वेळेच्या जवळ मिळू लागली, मधली गळती कमी झाली. मात्र योजना सुरू होऊन दोन वर्षे लोटल्यावरही त्या मंडलांतील सुमारे निम्मेच वाटप नव्या पद्धतीने होत होते. यंत्र विकत घेणे आणि ते गावोगाव रोज चालते ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यंत्राची परीक्षा पाहणारा जिल्हा

पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद मराठी वाचकाला परका नाही. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातच होते. तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी आणि कोलामी या भाषा तिथल्या बाजारात आजही कानी पडतात. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे विभाजन होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. कापूस हे या भागाचे मुख्य पीक.

हातातल्या यंत्राच्या दृष्टीने हा प्रदेश कठोर आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हिवाळ्यात तेलंगणातील सर्वांत थंड भागांत याची गणना होते आणि काही पहाटे किमान तापमान पाच अंशांच्या खाली उतरते. पावसाळ्यात जंगलपट्ट्यात ओलावा असतो, तर कापूस वेचणीच्या हंगामात हवेत रुईचे सूक्ष्म तंतू तरंगतात. अशी बहुतेक यंत्रे शून्य ते चाळीस अंशांच्या मर्यादेत चालावीत या हिशेबाने घडवलेली असतात. आदिलाबादच्या वर्षात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आपल्या किनारपट्टीवर तापमानाची एवढी ओढाताण नसते; इथे खारी, दमट हवा धातूचे संपर्कबिंदू गंजवते. शत्रू वेगळे असले, तरी निगेचे नियम बहुतांशी तेच आहेत.

उष्णता आणि थंडी

उन्हात ठेवलेल्या यंत्राचा पडदा काळा पडतो. पडद्यातील द्रवस्फटिक ठरावीक तापमानापलीकडे आपली रचना गमावतात, त्याचा हा परिणाम असतो. यंत्र सावलीत ठेवून सावकाश थंड होऊ दिले, तर पडदा बहुधा पूर्ववत होतो. ओल्या फडक्याने किंवा बर्फाने ते थंड करू नये. आत दव धरते आणि बिघाड वाढतो. थंडीत उलटा प्रकार घडतो. पडद्यावरील अक्षरे संथपणे उमटतात आणि सेलचा दाब उतरल्याने ‘बॅटरी संपली’ असा इशारा येतो. पहाटेचा हा इशारा पुष्कळदा खोटा असतो. यंत्र खिशात थोडे उबवून पुन्हा पाहावे आणि मगच सेल बदलावा.

पुन्हा भारित होणाऱ्या लिथियम बॅटरीला अतिउष्णता सर्वाधिक बाधते. दुपारच्या उन्हात, मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ती भारित करू नये. संध्याकाळची वेळ बरी. यंत्र महिनोन्महिने वापरायचे नसेल, तर बॅटरी साधारण निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. बॅटरी फुगून मागचे झाकण वर आले असेल, तर तिचा वापर तत्काळ थांबवावा. ती दाबणे, टोचणे किंवा ठोकून बसवणे हे आग लागण्यास कारण होऊ शकते.

सेल बदलण्याचा क्रम

जुन्या डायरीतील नोंदी सतत विद्युतप्रवाह मिळणाऱ्या स्मृतीत असतात. प्रवाह तुटला, की स्मृती पुसली जाते. म्हणूनच अनेक डायऱ्यांत दोन प्रकारचे सेल असतात: यंत्र चालवणारा मुख्य सेल आणि केवळ स्मृती जागी ठेवणारा राखीव सेल. दोन्ही एकाच वेळी काढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. यंत्र बंद करून आधी मुख्य सेल बदलावा, यंत्र सुरू करून नोंदी तपासाव्यात आणि त्यानंतरच राखीव सेलला हात लावावा. राखीव सेल अनेक वर्षे टिकतो, त्यामुळेच तो विस्मरणात जातो. बदलल्याची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवावी.

नवा सेल कोरड्या फडक्याने पुसून, कडेने धरून बसवावा. बोटांचा तेलकटपणा संपर्कात अडथळा आणतो. साधे अल्कलाइन सेल वापरणाऱ्या यंत्रात जुना सेल पाझरून पांढरट थर साचतो. तो क्षारधर्मी असल्याने सेल काढून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण कोरडा होऊ द्यावा. हे करताना थर हाताला वा डोळ्यांना लागू देऊ नये.

स्वच्छता: किती आणि कशी

एखादे बटण दाबूनही उमटत नसेल, तर त्याखालच्या रबरी पट्टीवर धूळ किंवा तेलकट थर असण्याचा संभव अधिक. त्या पट्टीच्या तळाशी कार्बनचे काळे ठिपके असतात आणि तेच संपर्क घडवतात. अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवावा. खरवडल्यास ठिपका निघून बटण कायमचे मुके होते. शिलाई यंत्राचे तेल, रॉकेल किंवा पेट्रोल यांचा वापर कटाक्षाने टाळावा. या यंत्रांत तेल मागणारा भाग जवळजवळ नसतोच.

चार्जिंगच्या खाचेत रुई आणि धूळ दबून बसली, की वायर नीट बसत नाही आणि खाच बिघडली असा समज होतो. यंत्र बंद करून लाकडी काडीने तो बोळा अलगद बाहेर काढावा. टाचणी वापरू नये. तोंडाने फुंकही मारू नये, कारण तिच्यासोबत वाफ आत जाते. ठसा घेणाऱ्या काचेवर मऊ, कोरडे फडके दिवसातून काही वेळा फिरवावे. ठसा न जुळण्याचे कारण दर वेळी यंत्रात नसते. वेचणी, खुरपणी आणि दगडमातीच्या कामाने बोटांच्या रेषा झिजतात, हिवाळ्यात त्वचा कोरडी पडते. हात धुऊन, किंचित ओलसरपणा येऊ देऊन, दुसऱ्या बोटाने पुन्हा प्रयत्न करावा. कष्टाने झिजलेल्या बोटाला खोटे ठरवण्याआधी एवढा धीर धरणे आवश्यक आहे.

सर्वांत अधिक सावधगिरी ‘रीसेट’च्या छिद्राबाबत हवी. काही यंत्रांत ते दाबल्याने केवळ कार्यक्रम नव्याने सुरू होतो, तर काहींत सर्व नोंदी पुसल्या जातात. यंत्रासोबतची पुस्तिका वाचल्याशिवाय आणि नोंदींची प्रत घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पावती आणि दुसरी प्रत

ठसा जुळल्यावर मिळणारी पावती बहुधा उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते. तिच्यावर शाई नसते. कागदाचा लेप तापून काळा पडतो, त्यातून अक्षरे दिसतात. हाच कागद उन्हात फिका पडतो, फार तापला तर सबंध काळवंडतो. मजुराच्या हातातील पुरावा काही महिन्यांत कोरा होऊ शकतो, हे ध्यानात घेऊन रक्कम आणि तारीख वहीत पेनाने उतरवणे शहाणपणाचे. छपाई पुसट येऊ लागली, तर कागदाची बाजू तपासावी आणि यंत्र थंड असताना छपाईची पट्टी अल्कोहोलने पुसावी.

नोंदींचेही तसेच. स्वतःची डायरी असेल, तर महिन्यातून एकदा तिची प्रत संगणकावर किंवा कागदावर घ्यावी. सार्वजनिक कामाचे यंत्र असेल, तर दिवसाचे व्यवहार वेळच्या वेळी पुढे पाठवले गेले की नाही, हे पाहून मगच ते बंद करावे.

निगा कोणाची?

घरातल्या डायरीची निगा मालक ठेवतो. सामायिक यंत्राचा मालक मात्र दूरच्या कचेरीत असतो आणि ते वापरणारी व्यक्ती गावात. आंध्रच्या योजनेत प्रतिनिधी म्हणून गावातील बचत गटांतील महिलांना प्राधान्य होते. अशा प्रतिनिधीच्या हाती यंत्र देताना चांगला बोळा, अल्कोहोलची बाटली, जादा बॅटरी, दोन तासांचे प्रशिक्षण आणि बिघाडाच्या काळात वापरायचे दुसरे यंत्र हेही दिले पाहिजे. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. तो टाळला, तर लवकर मिळू लागलेली मजुरी पुन्हा लांबते आणि कामाचा एक दिवस बुडवून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागते.

आपल्या खणातील जुनी डायरी आज बाहेर काढून पाहावी. पडदा अजून उजळत असेल, तर सेलला हात लावण्याआधी त्यातील क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत.