जुना चरखा ओळखावा कसा?

वर्धा जिल्ह्यात एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर मोडकळीला आलेला चरखा सापडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. घरातल्यांना विचारले तर 'आजीचा चरखा' एवढेच उत्तर मिळते. पण चरखे काही एकाच जातीचे नसतात. नावाची पट्टी नसली तरी चरख्याची रचनाच त्याची ओळख सांगते. ती वाचायची कशी, ते आपण पाहू.

मासे पकडण्याच्या गळाची जुनी रिळे जमवणारे छांदिष्ट युरोप-अमेरिकेत बरेच आहेत. मूठ एकदा फिरवली की रीळ किती वेळा फिरते, आणि दोरी सुटताना रीळ स्वतः फिरते की स्थिर राहते, हे ते पाहतात. चरख्यालाही असेच प्रश्न विचारता येतात. यात एक गमतीचे नातेही आहे. स्थिर रिळाचे पेटंट १९०५ साली इंग्लंडमधील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी घेतले. ते कापडधंद्यातले होते. गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत सुटताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात.

पहिला प्रश्न : पीळ कसा बसतो?

साध्या चरख्यात चातीचे टोक मोकळे असते. सूत चातीच्या रेषेत धरले की चातीच्या प्रत्येक फेऱ्याला ते टोकावरून निसटते आणि त्यात एक पीळ बसतो. तेच सूत चातीशी काटकोनात धरले की पीळ न बसता ते गुंडाळले जाते. म्हणून कातणारीचा हात पुढेमागे आणि वरखाली होत राहतो. स्थिर रिळाच्या टोकावरून सुटणाऱ्या दोरीतही असाच पीळ पडतो. तिथे तो नकोसा, इथे हवासा!

चातीभोवती कडी आणि तिच्यावर सरकणारा छोटा तारेचा तुकडा दिसला, शिवाय पेळू ताणण्यासाठी रूळ असले, तर तो अंबर चरखा समजावा. तमिळनाडूतील एकंबरनाथ यांनी रचलेला हा चरखा १९५० नंतरच्या दशकात पसरला. यात पीळ देणे आणि गुंडाळणे एकाच वेळी होते.

दुसरा प्रश्न : चाके किती?

एकच मोठे उभे चाक आणि त्यावरून थेट चातीवर गेलेली माळ, हा पारंपरिक चरखा. पेटीत मिटणारी दोन आडवी चाके असतील तर तो येरवडा चरखा. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना १९३० च्या सुमारास याच्या रचनेत सुधारणा केल्या. त्याच तत्त्वाचा, पण पेटीऐवजी फळीवर बसवलेला तो किसान चरखा. चाकच नसेल आणि चाती धनुष्याने फिरवायची असेल, तर ती मॉरिस फ्रीडमन (भारतानंद) यांची धनुष टकळी.

दोन चाके कशासाठी? समजा, २४ सें.मी. व्यासाचे चाक ३ सें.मी. व्यासाची कप्पी फिरवते, म्हणजे ८ पट. त्याच कप्पीच्या आसावरचे १२ सें.मी.चे चाक १ सें.मी.ची चाती फिरवते, म्हणजे १२ पट. एकूण ८ × १२ = ९६ पट. एकाच चाकाने एवढे साधायचे तर चाक जवळजवळ एक मीटर व्यासाचे लागेल!

वर्गात हे मोजून पाहा. चातीला काटकोनात दोरा बांधा, मूठ सावकाश एकदाच फिरवा आणि दोरा उलगडताना वेढे मोजा. व्यासावरून काढलेल्या आकड्यापेक्षा वेढे कमी भरले तर माळ घसरते आहे, हेही कळेल.

तिसरा प्रश्न : चात्या किती?

अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत १२ ते २० अंकाचे १६,००० फूट सूत आणि किंमत दीडशे रुपयांच्या आत, अशा त्यातल्या काही अटी होत्या. १६ अंकाच्या सुताला दर इंचाला सुमारे १६ पीळ लागतात. १६,००० फूट म्हणजे १,९२,००० इंच, म्हणून एकूण पीळ ३०,७२,०००. आठ तासांची ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला ६,४०० फेरे, तेही गुंडाळायला वेळ न सोडता! हाताने कातताना एका चातीवर हे शक्य नाही. चार चात्या असल्या तर प्रत्येकीला १,६०० फेरे पुरतात. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण अनेक चात्यांचा चरखा दिसला की तो या प्रश्नावरचा एक प्रयत्न आहे, हे आता ओळखता येईल.

जपताना

चरखा सापडला की लगेच घासूनपुसून रंगवू नका. मुठीवरची झीज, जुन्या माळेचा तुकडा, लोहाराने बदललेली चाती हे सगळे पुरावेच आहेत. वाळवी आणि ओल यांपासून मात्र जपा. गाव, घर, कोण कातत असे, कोणत्या काळात, हे चिठ्ठीवर लिहून ती चरख्याला बांधा. ज्या आजींना हे सांगता येईल त्या आज आहेत, तोवरच विचारायला हवे. चरखा मागाहूनही मोजता येतो, पण ही माहिती मागाहून मिळत नाही.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते १९३८ साली झाले. तिथे अनेक प्रकारचे चरखे आहेत. मुलांना तिथे न्याल तेव्हा आधी नावाच्या पाट्या वाचू देऊ नका. हे तीन प्रश्न विचारा, उत्तरे वहीत लिहायला सांगा आणि मगच पाट्या वाचा.